'जायचो'ला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचे : बडोद्यातील एका भाषावर्गाचा अनुभव

माझ्या मुलाची सासुरवाडी स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे आहे. विहीणबाईंना इंग्रजी येत नाही आणि मला तीन वर्षांपूर्वीपर्यंत स्पॅनिशचा एक शब्दही ठाऊक नव्हता. त्यामुळे दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून हसत असू, जेवण झाले का हे खुणेने विचारीत असू आणि मुलांच्या हाती फोन देऊन मोकळ्या होत असू. नमस्काराची, हवापाण्याची आणि स्वयंपाकघरातली भाषा मी पुढे मोबाइलवरील एका ॲपच्या आधाराने शिकले. अडले ते एका साध्या प्रश्नापाशी. तुमची आई कशी होती, असे विहीणबाईंनी एकदा विचारले आणि माझ्या लक्षात आले, की या प्रश्नाचे उत्तर ज्या काळात द्यायचे असते तोच मला येत नाही. मी एकेक वाक्य जुळवून सांगितले खरे, पण ऐकणाऱ्याला वाटावे की माझ्या आईने आयुष्यात एकदाच रांगोळी घातली, एकदाच देवपूजा केली आणि एकदाच मला शाळेत सोडले.

त्या एका काळासाठी मी दांडिया बाजारातील एका लहानशा स्पॅनिश वर्गात नाव घातले. स्पॅनिश व्याकरणात या काळाला 'प्रेतेरितो इम्पेर्फेक्तो' म्हणतात, आपण अपूर्ण भूतकाळ म्हणू. वर्ग नुकताच संपला. बडोद्यात स्पॅनिश शिकू पाहणाऱ्या, विशेषतः घरात मराठी बोलणाऱ्या माणसांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. स्पॅनिश शब्द मी देवनागरीतच देत आहे. ती भाषा बरीचशी जशी लिहितात तशीच बोलतात, त्यामुळे देवनागरीत ती फारशी बिघडत नाही.

वर्ग एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर भरतो. आठवड्यातून तीन दिवस, सायंकाळी साडेसहा ते आठ, असे आठ आठवडे. शुल्क ५,५०० रुपये, त्यात छापील टिपणांचा संच येतो. आमच्या तुकडीत चौदा जण होते. निम्मे परदेशी शिक्षणाच्या तयारीत असलेले विद्यार्थी, तिघेचौघे औषधकंपन्यांत निर्यातीचे काम पाहणारे आणि उरलेले माझ्यासारखे घरगुती कारणाने आलेले. शिकवणाऱ्या बाई बडोद्याच्याच आहेत. घरी मराठी, शाळेत गुजराती आणि पुढे काही वर्षे स्पेनमध्ये वास्तव्य, अशी त्यांची भाषेची वाटचाल आहे आणि वर्गाचे खरे बळ याच गोष्टीत आहे.

ॲपने माझे काय बिघडवले होते, ते आधी सांगते. ते ॲप स्पॅनिश इंग्रजीतून शिकवते. इंग्रजीत 'आम्ही काल गेलो' आणि 'आम्ही दर रविवारी जायचो' या दोन्हींसाठी एकच साधे भूतकाळी रूप चालते. म्हणून ॲप जेव्हा इंग्रजी वाक्य समोर ठेवून त्याचे स्पॅनिश करायला सांगे, तेव्हा मी दर रविवारी कमाटीबागेत जाण्यालाही 'फुईमोस' म्हणजे 'गेलो' हेच रूप लावीत असे. उत्तर चुकले एवढे ॲप दाखवी. का चुकले ते सांगत नसे. मराठीत विचार केला असता तर ही चूक माझ्या हातून झालीच नसती, कारण 'आम्ही दर रविवारी कमाटीबागेत गेलो' असे मराठी बोलणारे चार वर्षांचे मूलही म्हणत नाही. ते 'जायचो' म्हणते. म्हणजे भेद मला जन्मापासून येत होता, मधल्या दुभाष्याने तो पुसून टाकला होता.

बाईंनी पहिल्या तासाला फळ्यावर एकही स्पॅनिश रूप लिहिले नाही. दहा वर्षांचे असताना तुमची सकाळ कशी असे, एवढेच विचारले आणि ज्याला ज्या भाषेत सांगायचे त्या भाषेत सांगू दिले. आम्ही मराठी मंडळी 'उठायचो', 'आंघोळ करायचो', 'आजी हाक मारायची' असे बोलत होतो. गुजराती मंडळी 'जतो हतो', 'करती हती' म्हणत होती. बाई फक्त क्रियापदे टिपून घेत होत्या. तासाच्या अखेरीस फळा भरला आणि त्यांनी दोन रकाने आखले. मराठीत एका बाजूला 'जायचो', 'जात असे' ही सवय सांगणारी रूपे आणि दुसऱ्या बाजूला 'जात होतो' हे चालू असलेली क्रिया सांगणारे रूप, असे दोन वेगळे कप्पे आहेत. गुजरातीत 'हुं जतो हतो' हे एकच रूप दोन्ही कामे करते. रोज जाण्याची सवयही त्यात येते आणि वाटेत असणेही येते. स्पॅनिशमधले 'ईबा' अगदी गुजरातीच्या 'जतो हतो'सारखे वागते, असे बाई म्हणाल्या आणि वर्गातल्या मराठी लोकांनीही सुटकेचा श्वास सोडला, कारण बडोद्यात राहून ज्याला 'जतो हतो' येत नाही असा मराठी माणूस सापडणे कठीण. माझ्या मते संपूर्ण वर्गातला हा सर्वांत मोलाचा तास होता. दोन कप्प्यांपैकी कोणता निवडायचा हा प्रश्न मराठी माणसाला स्पॅनिशमध्ये उरतच नाही. 'करायचो', 'करत असे', 'करत होतो' ही तिन्ही रूपे एकाच ठिकाणी जाऊन मिळतात.

रूपे बनवण्याचा भाग सोपा आहे आणि बाईंनी तो दोन तासांत उरकला, ते योग्यच झाले. 'आर'ने संपणाऱ्या क्रियापदांना 'आबा' लागते, म्हणून 'आब्लार' म्हणजे बोलणे, त्याचे 'आब्लाबा'. 'एर' आणि 'इर'ने संपणाऱ्यांना 'ईआ' लागते, म्हणून खाण्याचे 'कोमीआ' आणि राहण्याचे 'बिबीआ'. अनियमित क्रियापदे तीनच : असणे, जाणे आणि पाहणे, त्यांची रूपे 'एरा', 'ईबा', 'बेईआ'. साध्या भूतकाळातील अनियमित रूपांची लांबलचक रांग ज्यांनी पाठ केली आहे, त्यांना हा काळ म्हणजे विसावा वाटेल.

एका गोष्टीवर मात्र अधिक वेळ द्यायला हवा होता. 'मी' आणि 'ती' यांची रूपे या काळात सारखीच असतात. मराठीत 'मी जायचे' आणि 'ती जायची' कानाला वेगळे लागते. स्पॅनिशमध्ये दोन्ही 'ईबा'. एरवी स्पॅनिशमध्ये कर्ता गाळण्याची पद्धत असल्यामुळे मीही तो गाळू लागले आणि आई व मी दोघी असलेल्या गोष्टीत विहीणबाईंना कळेना, की देवळात कोण जात होते आणि घरी कोण थांबत होते. अशा ठिकाणी 'यो' म्हणजे मी किंवा 'एया' म्हणजे ती, हे स्पष्ट म्हणावे लागते. हे मला वर्गात नव्हे, फोनवर उमगले.

चौथ्या आठवड्यात खरी परीक्षा सुरू झाली, कारण अपूर्ण भूतकाळ एकटा कधीच येत नाही. तो साध्या भूतकाळाच्या सोबतीने येतो आणि गोष्ट सांगताना वाक्यागणिक कोणता वापरायचा हे ठरवावे लागते. यासाठी बाईंनी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, निवडला. बडोद्यातल्या माणसाला १४ जानेवारीची गच्ची डोळ्यांसमोर आणायला सांगावे लागत नाही. बाईंनी पिवळा आणि पांढरा असे दोन खडू घेतले. जानेवारी महिना होता, ऊन होते, वारा होता, आम्ही गच्चीवर होतो, काका फिरकी धरून उभे होते, खालून उंधियूचा वास येत होता. हे सगळे पिवळ्या खडूने, म्हणजे 'एरा', 'आसीआ', 'एस्ताबामोस' अशा अपूर्ण रूपांत. फळा पिवळा होत गेला तरी गोष्ट जागची हलली नव्हती. मग बाईंनी पांढरा खडू उचलला आणि लिहिले, 'से कोर्तो एल ईलो', मांजा कापला गेला. त्या एका वाक्याने गोष्ट पुढे सरकली. पिवळे म्हणजे गच्ची आणि पांढरे म्हणजे गच्चीवर घडलेली गोष्ट, असे त्यांनी सांगितले.

पुढे त्यांनी पतंग कापला गेल्यावरची 'कायपो छे'ची आरोळी घेतली. मांजा कापला गेला तेव्हा सगळे 'ग्रिताबान', असे लिहिले तर लोक आधीपासूनच ओरडत होते आणि त्या गोंधळात मांजा तुटला. 'ग्रितारोन' लिहिले तर मांजा तुटला आणि म्हणून सगळे एकदम ओरडले. 'ओरडत होते' आणि 'ओरडले', एवढाच फरक. वर्गातल्या एका मुलाने विचारले, की यातले बरोबर कोणते. त्या दिवशी गच्चीवर काय झाले होते ते आठव, मग ठरव, असे बाईंनी उत्तर दिले. व्याकरणाच्या पुस्तकात मी वाचलेल्या कोणत्याही नियमापेक्षा हे उत्तर मला अधिक उपयोगी पडले, कारण दोन्ही रूपे शुद्ध असू शकतात आणि निवड अर्थावरून करायची असते हे त्यातून पक्के झाले. याच तासाला त्यांनी आन्द्रेस बेल्यो यांचा उल्लेख केला. व्हेनेझुएलात जन्मलेल्या आणि चिलीत स्थायिक झालेल्या या व्याकरणकाराने १८४७ सालच्या आपल्या व्याकरणात या काळाला 'कोप्रेतेरितो' असे नाव दिले, म्हणजे दुसऱ्या एखाद्या भूतकाळाच्या सोबतीने असणारा भूतकाळ. मेक्सिकोत शाळेत आजही हेच नाव शिकवतात. 'अपूर्ण' या नावापेक्षा मला ते जास्त पटते, कारण मांजा तुटण्याच्या सोबतीने जे जे चालू होते ते सगळे त्यात मावते.

मराठी बोलणाऱ्यांसाठी बाईंनी आणखी एक खूण दिली आणि ती मी आजही रोज वापरते. कर्त्याला 'ने' लागला की बहुधा साधा भूतकाळ, कर्ता 'ने'वाचून आला की अपूर्ण. 'आजीने रांगोळी घातली' हे एकदा घडलेले, 'आजी रांगोळी घालायची' हे सवयीचे, 'आजी रांगोळी घालत होती' हे चालू असलेले. त्यांनी दिलेले उदाहरण बडोद्याचेच होते : सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि माझी आजी शाळेत जात असे. महाराजांना 'नी' लागला, तिथे स्पॅनिश साधा भूतकाळ घेते; आजीला काही लागले नाही, तिथे 'ईबा'. गुजरातीतही 'बाए रंगोळी पूरी' आणि 'बा रंगोळी पूरती हती' असाच भेद आहे. ही खूण सकर्मक क्रियापदांपुरतीच चालते. 'म्हणाली', 'शिकली', 'विसरली' यांना मराठीत 'ने' लागत नाही, 'मी' आणि 'तू' यांच्यावर तो दिसत नाही, आणि 'आजीने घातली होती' म्हटले की स्पॅनिशमध्ये तिसराच काळ येतो. या मर्यादा बाईंनी त्याच तासाला सांगितल्या, हे त्यांच्या शिकवण्याचे वैशिष्ट्य. खूण देणारे शिक्षक पुष्कळ भेटतात. ती कुठे फसते हे त्याच वेळी सांगणारे थोडे.

मराठी जिथे आपल्याला चकवते तो भाग मात्र टिपणांत फारच त्रोटक आहे. आपला 'होते' हा शब्द स्पॅनिशमध्ये दोन ठिकाणी विभागला जातो. 'घर मोठे होते' याला 'एरा' लागते, कारण ते वर्णन आहे. पण 'लग्न मे महिन्यात होते' याला 'फुए' लागते, कारण तो पार पडलेला प्रसंग आहे. त्याहून कठीण प्रकार म्हणजे मोजलेला कालावधी. 'माझी आई तीस वर्षे शाळेत शिकवत होती' हे मराठीत निर्दोष आहे. स्पॅनिशमध्ये तीस वर्षे म्हटले की कालावधीला दोन्ही बाजूंनी कुंपण पडते, आणि कुंपण पडले की क्रिया कितीही लांबलेली असो, रूप साध्या भूतकाळाचे येते : 'एन्सेन्यो'. वर्षांची संख्या न सांगता नुसते 'आई शाळेत शिकवायची' म्हटले तर 'एन्सेन्याबा'. ही चूक आमच्या तुकडीतील प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने अखेरपर्यंत केली. एवढ्या एका मुद्द्यासाठी स्वतंत्र तास ठेवावा, असे मी बाईंना सुचवले आहे.

काही क्रियापदे काळ बदलला की अर्थच बदलतात आणि इंग्रजीतून शिकणाऱ्याला ती गोंधळात टाकतात. मराठीत मात्र त्यांना आधीपासूनच वेगळे शब्द आहेत. 'साबीआ' म्हणजे ठाऊक होते, 'सूपे' म्हणजे कळले. 'कोनोसीआ' म्हणजे ओळखत होते, 'कोनोसी' म्हणजे ओळख झाली. हा तास आम्ही पंधरा मिनिटांत आटोपला. अपूर्ण भूतकाळाचा एक उपयोग तर थेट आपल्या घरचा निघाला. दुकानात गेल्यावर स्पॅनिश माणूस 'केरीआ उन काफे' म्हणू शकतो. शब्दशः 'मला एक कॉफी हवी होती'. कॉफी त्याला आत्ताच हवी असते, भूतकाळ केवळ नम्रतेचा असतो. आपणही कचेरीत गेल्यावर 'जरा काम होते' म्हणतो, 'एक विचारायचे होते' म्हणतो. बाईंनी हे सांगितल्यावर निर्यातवाल्या गृहस्थांनी लगेच वहीत लिहून घेतले.

आता उणिवा. छापील टिपणे कितव्या तरी प्रतीवरून काढलेली छायाप्रत आहेत आणि त्यांत कित्येक ठिकाणी आघातचिन्हे पुसली गेली आहेत. या काळात ती केवळ शोभेची नसतात. आघात 'ई'वर असला तर 'साबीआ', म्हणजे ठाऊक होते. चिन्ह गेले तर तो शब्द 'साब्या' होतो आणि त्याचा अर्थ शहाणी बाई. 'आसीआ' म्हणजे करायची, चिन्ह गेले की 'आस्या', म्हणजे च्या दिशेने. माझ्या आईला पुष्कळ गाणी ठाऊक होती हे वाक्य मी टिपणातील रूप पाहून लिहिले आणि ते चुकले. ५,५०० रुपये घेणाऱ्या वर्गाने टिपणे नव्याने टंकलिखित करून घेतलीच पाहिजेत. दुसरी उणीव ऐकण्याच्या सरावाची. आठ आठवड्यांत ध्वनिफिती फक्त चार वेळा वाजवल्या आणि त्या सर्व लॅटिन अमेरिकेतील उच्चारांच्या होत्या. विहीणबाई 'आसीआ' म्हणत नाहीत, 'आथीआ' म्हणतात, आणि पहिल्या दोन रविवारी माझ्या कानाने तो शब्द ओळखलाच नाही. चौदा जणांत प्रत्येकाच्या वाट्याला बोलण्याची संधी कमी येते, हीही तक्रार रास्त आहे. दहाच्या वर तुकडी नेऊ नये.

हा वर्ग अगदी नवख्यांसाठी नाही. वर्तमानकाळ आणि साधा भूतकाळ बऱ्यापैकी येत असतील तरच जावे, नाहीतर पिवळ्या आणि पांढऱ्या खडूचा तास हातून निसटेल. इन्स्तितुतो सेर्वांतेस या स्पेनच्या सरकारी भाषासंस्थेच्या 'देले' या प्रमाणपत्र परीक्षेच्या ए-२ या प्राथमिक पातळीला हा काळ लागतोच, पण परीक्षेचा सराव येथे करून घेत नाहीत, त्यामुळे केवळ परीक्षेसाठी जाणाऱ्यांची निराशा होईल. ज्यांना स्पॅनिशमध्ये गप्पा मारायच्या आहेत, आपले लहानपण, आपले गाव, आपली माणसे दुसऱ्याला सांगायची आहेत, आणि ज्यांच्या तोंडी मराठी किंवा गुजराती आहे, त्यांनी निःशंकपणे जावे. टिपणांच्या अवस्थेसाठी मी एक गुण कापते आणि ऐकण्याच्या सरावासाठी अर्धा. पाचांपैकी साडेतीन गुण देते. पहिल्या तासाला वेगळे गुण देता आले असते तर त्याला पाचापैकी पाच दिले असते.

वर्ग संपल्यानंतरच्या रविवारी मी विहीणबाईंना त्यांच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर पुन्हा दिले. माझी आई पहाटे उठायची, अंगण झाडायची, रांगोळी घालायची आणि रांगोळी घालताना गुणगुणायची, हे सगळे मी एका दमात सांगितले आणि 'एया' प्रत्येक वेळी स्पष्ट म्हटले. त्यांनी मध्ये एकदाही थांबवले नाही. शेवटी खुर्ची फोनजवळ ओढून त्यांनी विचारले, 'इ के कान्ताबा?', आणि काय गायची?